थिबा राजा मंचावर उभा करताना

राज्य गेलेल्या राजाच्या नाटकात सगळ्यात मोठा प्रसंग पहिल्या वीस मिनिटांत उरकलेला असतो. लढाई संपली, राजवाडा वेढला गेला, राजा बोटीत बसला. पुढे काय? पुढे नुसती वाट बघणं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या बाबतीत ही वाट तीस वर्षांची आहे. एप्रिल १८८६मध्ये इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि डिसेंबर १९१६मध्ये तो तिथेच वारला. संहिता वाचताना हे सगळं फार हृद्य वाटतं. तालीम उभी राहिली की मात्र नट खुर्चीत बसून समुद्राकडे बघायला लागतो आणि दुसऱ्या अंकाच्या दहाव्या मिनिटाला सगळ्यांच्याच लक्षात येतं, की आता त्यालाही काही काम नाही आणि प्रेक्षकालाही.

यावर बहुतेक जण स्वगतांचा उतारा शोधतात. तो लागू पडत नाही. थिबाची स्वगतं दोनच विषयांवर असू शकतात, गेलेलं राज्य आणि सरकारकडून न येणारं उत्तर. तिसऱ्या स्वगतापर्यंत दोन्ही संपतात. आम्ही मुंबईत हे दोन अंकी नाटक बसवलं तेव्हा ते शेवटी उभं राहिलं प्रॉपर्टीच्या, म्हणजे मंचावरच्या सामानाच्या, यादीवर. कोणत्या प्रवेशात राजाजवळ काय आहे, पुढच्या प्रवेशात त्यातलं काय दिसत नाही आणि ते कुठे गेलं हे कुणी न सांगता कळतं का, एवढंच बघायचं. लेखकाकडून संवाद त्या यादीवर बेतून पुन्हा लिहून घेतले. पहिल्या खर्ड्यातली निम्मी हळहळ त्यातच गळून गेली, आणि बरंच झालं.

त्याआधी काळ नीट लावून घ्यावा लागतो. थिबा १८७८मध्ये गादीवर आला. २८ नोव्हेंबर १८८५ला इंग्रजांच्या आगबोटी राजधानी मंडालेला लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी राजा-राणीला बैलगाडीतून नदीवर नेऊन बोटीत चढवलं. १ जानेवारी १८८६ला त्याचं राज्य इंग्रजी मुलखाला जोडल्याचं जाहीर झालं. मधले काही महिने मद्रासला गेले, तिथे तिसरी मुलगी झाली. चौथी रत्नागिरीत, १८८७ साली. युद्धाला निमित्त झालं ते सागवानाचं. १८६३ साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ओंडके कमी दाखवले असा मंडालेच्या दरबाराचा आरोप होता आणि त्यापायी कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला होता. मुंबईच्या प्रयोगात हे वाक्य हमखास लागतं, खुर्च्यांमधून कुजबुज उठते. म्हणून ते पहिल्या पाच मिनिटांत ठेवू नये. उशिरा आलेली मंडळी तेव्हा बॅटरीच्या उजेडात आपल्या खुर्च्या शोधत असतात.

काळाच्या बाबतीत सर्रास होणारी चूक राजवाड्याची आहे. थिबा म्हटलं की रत्नागिरीच्या टेकडीवरचा तो तांबडा, अर्धवर्तुळाकार खिडक्यांचा वाडा डोळ्यांसमोर येतो आणि नेपथ्यकार पहिल्याच बैठकीत त्याचं चित्र काढून आणतो. पण तो वाडा १९१०मध्ये पुरा झाला. तीस वर्षांतली जेमतेम सहा वर्षं राजा तिथे राहिला. आधीचा सगळा काळ बंगल्यांमधला. म्हणजे पडदा उघडल्याबरोबर वाडा दाखवला तर रत्नागिरीतली चार पंचमांश वर्षं खोटी पडतात, आणि वाडा मिळण्याचा प्रसंगही हातचा जातो. आम्ही त्या कमानीच्या खिडक्या दुसऱ्या अंकाच्या उत्तरार्धापर्यंत दाखवल्याच नाहीत.

प्रवेश पाच धरले. १८८५ची मंडालेतली रात्र, १८८६ चा पहिला पावसाळा, मुलींचे कान टोचण्याचा सोहळा, १९१०मध्ये नव्या वाड्यात राहायला जाणं आणि १९१६. मधली वर्षं अंधारात गेली तरी चालतात. ‘आता दहा वर्षं झाली हो’ असं एखाद्या नोकराच्या तोंडी घालायचा मोह होतो, तो टाळावा. त्याच जागी एक पेटी कमी करावी.

यादीचं काम असं चालतं. ब्रह्मी राजाची राजचिन्हं पाच: पांढरी छत्री, मुकुट, खड्ग, चवरी आणि पादुका. पहिल्या प्रवेशात ती पाचही मंचावर हवीत आणि त्यानंतर एकही नको. मंडालेची राजचिन्हं इंग्रजांनी लंडनला नेली, तिथल्या संग्रहालयात ती राहिली आणि १९६४मध्ये ब्रह्मदेशाला परत मिळाली. रत्नागिरीत पांढऱ्या छत्रीखाली बसलेला थिबा दाखवला की जाणकार प्रेक्षक तिथेच सुटतो. रत्नागिरीत राजाजवळ उरलं ते जडजवाहीर आणि ते त्याने हळूहळू विकलं. आमच्या यादीत दागिन्यांच्या पेट्या पहिल्या अंकात सहा, कान टोचण्याच्या सोहळ्यात तीन, नव्या वाड्यात एक. पानाचा डबा मात्र शेवटपर्यंत ठेवला. फक्त सोनेरी डब्याच्या जागी तिसऱ्या प्रवेशापासून पितळी आला. यावर एकही संवाद नाही. मराठी प्रेक्षकाला पानाचा डबा समजावून सांगावा लागत नाही.

१९१०च्या प्रवेशात याच्या नेमकं उलटं घडतं. नव्या वाड्यात खुर्च्या येतात, आरसा येतो, भिंतीवर घड्याळ येतं. मंच भरत जातो आणि राजाचं स्वतःचं असं त्यात एवढुसं उरतं. हा विरोध नुसत्या सामानाने दिसतो. पण त्यासाठी पहिल्या अंकात मंच जवळजवळ रिकामा ठेवण्याची हिंमत हवी, आणि राजदरबार म्हटला की निर्मात्याला पहिल्याच प्रवेशात झुंबर हवं असतं. तिथे वाद घालावा लागतो.

पेट्यांचं वजन ही बारीकशी, पण फार कामाची गोष्ट. रिकामी पेटी जड असल्याचा अभिनय शंभरात दोन नटांना जमतो. बाकीच्यांचे खांदे खोटं बोलतात. आम्ही पहिल्या प्रवेशातल्या मोठ्या पेटीत वाळूच्या पुरचुंड्या घालून ती तीन किलोची केली. पुरचुंड्या तळाला टेपने चिकटवायच्या, नाहीतर पेटी उचलली की वाळू सरकते आणि आतून खसखस आवाज येतो. सराफ दागिने तोलतो त्या प्रसंगात ती एक किलोवर आणली आणि शेवटच्या प्रवेशात नुसतं लाकूड. नटाला काही करावं लागत नाही. आठव्या-नवव्या रांगेच्या मागे खडे कुणाला दिसत नाहीत, पण पेटी खाली ठेवल्याचा आवाज बाल्कनीपर्यंत जातो. त्या आवाजातला फरक ऐकू येण्यासाठी पेटी प्रत्येक वेळी त्याच लाकडी चौरंगावर ठेवायची, कधी गालिच्यावर कधी चौरंगावर असं नको.

खडे भुलेश्वरला मिळणाऱ्या काचेचेच घेतले. माणकासाठी गडद लाल घेऊ नका. निळ्या जेलखाली, म्हणजे दिव्यापुढे लावलेल्या निळ्या पारदर्शक कागदाखाली, लाल काच काळी दिसते आणि पहिला प्रवेश तर रात्रीचा आहे. फिका, गुलाबीकडे झुकणारा लाल घ्यावा आणि त्या जागेवर एक पांढरा स्पॉट वेगळा ठेवावा. सराफाचा काटा आम्ही चोर बाजारातून घेतला. त्याच्या साखळ्या किणकिणतात म्हणून आधी त्यांना तेल लावलं, मग तो आवाजच हवा आहे हे कळलं आणि साखळ्या पुसून कोरड्या केल्या. वजन चालू असताना राणी बोलत नाही, राजा बोलत नाही, काटा बोलतो. प्रसंगाची लांबी काटा स्थिर व्हायला लागणाऱ्या वेळेवर ठरली.

टिळकांचं काय करायचं हा प्रश्न हे नाटक बसवणाऱ्या प्रत्येकाला पडणार. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात. योगायोग इतका गोळीबंद आहे की लेखकाचा हात शिवशिवतो. आमच्या मते टिळकांना मंचावर आणू नये. पात्र म्हणून तर नाहीच, ‘आवाजातून’ही नाही. टिळक आले की टाळी पडते, आणि टाळी पडली की थिबा आपल्याच नाटकात पाहुणा होतो. आम्ही एवढंच ठेवलं: बंगल्यावरचा मराठी कारकून वर्तमानपत्र वाचता वाचता मंडालेचं नाव मोठ्याने उच्चारतो आणि राजा मान वर करतो. कारकून सांगतो, ‘तुमच्याबद्दल नाही महाराज, आमच्याबद्दल आहे.’ झालं. बाकीचं प्रेक्षक घरी जाताना जोडतो.

दुसरा अवघड विषय १८७९च्या हत्यांचा. थिबा गादीवर आल्यावर राजघराण्यातल्या कितीतरी माणसांना मारलं गेलं, हा आकडा साधारण ऐंशीच्या घरात सांगतात. हे नाटकात नसेल तर राजाबद्दल वाटणारी कणव फुकटची होते. फार असेल तर हद्दपारी म्हणजे केलेल्याचं फळ, असा सोपा हिशेब होतो आणि इंग्रज न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतात. सुपयालत राणीला दात-ओठ खाणारी खलनायिका करणं हा तिसरा, आळशी मार्ग. आमच्याकडे हा उल्लेख एकदाच येतो, दुसऱ्या अंकात, राणीच्या तोंडून, पान लावताना. आवाज न चढवता. पान लावण्याच्या कृतीशी शब्द बांधून टाकले की नटीला तिथे भाव मारता येत नाही.

संहिता पक्की झाली की ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. मंडळाचं प्रमाणपत्र नसेल तर जाहीर प्रयोग लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण संहिता पाठवायला उशीर सगळेच करतात. पानं क्रमांकित, टंकलिखित असावीत, गाणी आणि पाली प्रार्थना त्यातच हव्यात, लेखकाचं संमतिपत्र सोबत हवं. प्रमाणपत्र त्या पाठवलेल्या संहितेला असतं, तालमीत वाढलेल्या संवादांना नव्हे. म्हणून तालमीतली भर पडून गेल्यावरच प्रत काढावी. थिबाच्या बाबतीत आणखी एक पथ्य. थोरल्या राजकन्येचं रत्नागिरीतल्या एका माणसाशी जुळलं, त्यांना मुलगी झाली, आणि तो वंश पुढे तिथेच मराठी होऊन राहिला. हा भाग घ्यायचा तर तो चवीने सांगू नये. ही माणसं कुणाच्या तरी आजी-पणजी आहेत.

भाषेची सोय आम्ही अशी लावली: दरबारी मंडळी आपसात प्रमाण मराठी बोलतात, म्हणजे ती त्यांची ब्रह्मी भाषा. गोरा अधिकारी दुभाष्यामार्फत बोलतो. रत्नागिरीची माणसं संगमेश्वरी वळणाची बोली बोलतात. इथे मुंबईत एक अडचण उभी राहते. कोकणी हेल ऐकला की मुंबईचा प्रेक्षक हसायला तयारच बसलेला असतो, इतक्या वर्षांच्या फार्सनी त्याला तशी सवय लावली आहे. पहारेकऱ्याचं पहिलं वाक्य गंभीर होतं, तरी तालमीला बसलेले पाहुणे हसले. यावर बोली काढून टाकणं हा उपाय नाही. त्या पात्राच्या पहिल्या दोन एन्ट्री मुक्या ठेवाव्यात, त्याला काहीतरी काम द्यावं. तो कंदील पुसतो, पाणी भरतो. तिसऱ्या एन्ट्रीला बोलला की प्रेक्षक त्याला माणूस म्हणून ओळखत असतो. हशा तरीही येतो, पण मग तो त्याच्यावर न येता त्याच्या बोलण्यावर येतो, आणि तेवढा चालतो.

वेशभूषेचा खर्च ऐकून घाबरून जायचं कारण नाही. दरबारी पासो म्हणजे शिवलेली लुंगी नव्हे. ते लांबलचक अखंड कापड कमरेला गुंडाळून पुढे निऱ्यांचा झुपका सोडलेला असतो. त्यासाठी नऊवारी उत्तम चालते. मंगलदास मार्केटमधून सुती-रेशमी मिश्र कापड घेतलं तर पडही छान येतो. सॅटिन अजिबात नको. ‘पार’ जातीच्या झगझगीत दिव्यांखाली ते आरशासारखं चमकतं आणि राजा लग्नाच्या वरातीतला दिसतो. ब्रह्मी रेशमावरची लाटांची नक्षी आम्ही स्टेन्सिलने छापली. जुन्या एक्स-रे फिल्म कापून स्टेन्सिल केलं तर ते रंगाने भिजून फाटत नाही. दोन इंचांची लाट तिसऱ्या रांगेपलीकडे नुसती रेघ दिसते, म्हणून सहा इंचांची केली. जवळून ती बटबटीत वाटते, तिकडे दुर्लक्ष करावं.

मंडालेतून रत्नागिरीत येताना राजाला कपडे बदलायला ७० सेकंद मिळतात. निऱ्या आधीच शिवून पट्ट्यावर बसवलेल्या हव्यात. पट्ट्याला वेल्क्रो लावला की सुटताना चर्र असा आवाज होतो आणि ब्लॅकआऊटमध्ये तो पहिल्या चार रांगांना स्पष्ट ऐकू येतो. टिचबटणं लावावीत, आकाराने मोठी, पाच पुरतात. राणीचा घोळदार थामेन, म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र, मागे फरफटतो. मूळ वस्त्राची लांबी ठेवली तर तो लेव्हलच्या, म्हणजे मंचावर मांडलेल्या लाकडी चौथऱ्यांच्या, सांध्यात अडकतो, आणि अडकला की नटी नेमकी सर्वात रुबाबदार वाक्यावर मागे खेचली जाते. टाचेच्या मागे बारा इंच पुरे. काठाला आतून सुती पट्टी मारावी आणि सेट लागल्यावर कुणीतरी हाताने सगळे सांधे चाचपून वर आलेले खिळे ठोकावेत. हे काम नटीनेच केलं तर सगळ्यात चोख होतं.

रंगभूषेत दोन गोष्टी. डोळ्यांच्या कडा टेपने ओढून ‘तिकडचा’ चेहरा करण्याचा प्रकार पूर्णपणे सोडून द्यावा. तो अपमानकारक आहे आणि घामाने दुसऱ्या प्रवेशात एक डोळा सुटतो, हे वेगळंच. दुसरं, गालांवरचा थनाखाचा, म्हणजे ब्रह्मदेशात लावतात तो झाडाच्या सालीचा, लेप. पिवळसर ठेवला की आपल्या प्रेक्षकाला ती हळद वाटते आणि राजकन्येचं लग्न निघालंय असा समज होतो. मुलतानी मातीचा फिका, जवळजवळ पांढरा लेप ठेवावा. राजाचं वय २६ पासून ५७ पर्यंत जातं. सुरकुत्या रेखाटण्यापेक्षा उठण्या-बसण्यावर मेहनत घेतली. पहिल्या अंकात तो मांडीवरून हात न टेकता उठतो, सोहळ्याच्या प्रवेशात एक हात टेकतो, नव्या वाड्यात दोन्ही. शेवटी उठतच नाही. डोक्यावरच्या बुचड्याचा विग मात्र तीन जाडीचा लागतो, आणि विग बदलणारा माणूस कपडे बदलणाऱ्याहून वेगळा हवा.

आता लेव्हल. ब्रह्मी दरबारात राजापेक्षा उंच डोकं कुणाचं असता कामा नये, सगळे जमिनीवर, पाय मागे घेऊन बसलेले. आपल्या नाट्यगृहांत मंचाच्या जमिनीवर बसलेला नट मागच्या प्रेक्षकाला कमरेपासून खाली दिसतच नाही, पुढची डोकी आड येतात. म्हणून दरबारी ९ इंचांवर, राण्या १८ वर आणि राजा २७ इंचांच्या लेव्हलवर. आता हिशेब करा. मांडी घालून बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण ३३ इंचांवर असतं. २७ आणि ३३ मिळून ६०, म्हणजे पाच फूट. गोरा अधिकारी पाच फूट आठ इंचांचा असेल तर तो मंचाच्या जमिनीवर नुसता येऊन उभा राहिला की त्याचं डोकं राजाच्या वर आठ इंच जातं. त्याने आवाज चढवायची, तलवारीवर हात ठेवायची, काहीही करायची गरज नाही. आमच्या अधिकाऱ्याच्या नटाला हे पटवायला वेळ लागला, कारण त्याला जोरकस एन्ट्री हवी होती. चित्र मापातच आहे, अभिनयाने ते बिघडतं.

त्याच्या बुटांचं प्रकरण याला जोडूनच येतं. मंडालेच्या दरबारात इंग्रज राजदूतांना बूट काढून जमिनीवर बसावं लागे. १८७५मध्ये फॉर्साइथ हा इंग्रज राजदूत येऊन गेल्यानंतर इंग्रजांनी यावर हटवादीपणा धरला आणि पुढे त्यांच्या रेसिडेंटची, म्हणजे तिथल्या कायमच्या प्रतिनिधीची, राजाशी प्रत्यक्ष भेटच बंद झाली. बूट हा राज्याचा प्रश्न होता. म्हणून आमच्याकडे पहिली पंधरा मिनिटं सगळे अनवाणी आहेत आणि मंचावर पावलांचा आवाजच नाही. त्यासाठी लेव्हलच्या आत जुनं जाजम ठोकलं. अधिकारी जिथून येतो ती सहा फुटांची पट्टी मात्र पोकळ ठेवली, १९ मिलिमीटरचा प्लाय, खाली काही नाही. तिथे पहिला बूट पडला की ठण्ण होतं. बुटाच्या तळाला सगळीकडे नाल मारली तर नट प्लायवर घसरतो, तळ रबराचा केला तर आवाज जातो. फक्त टाचेला नाल, पुढे रबर, हा तोडगा. फूट माइक त्या पट्टीपासून लांब सरकवावे लागतात, नाहीतर स्पीकरमधून दार ठोठावल्यासारखा आवाज येतो.

माइकवरून आठवलं. शिको, म्हणजे दरबारी लोटांगण, घालताना कपाळ जमिनीला टेकतं. त्या अवस्थेतलं वाक्य थेट प्लायमध्ये जातं. वाकण्याआधी बोलावं किंवा उठल्यावर. वाकून बोलणं दिसायला भारी, ऐकू शून्य.

संगीतासाठी संतूर लावून ‘पूर्वेकडचं’ वातावरण करायचा रिवाज आहे. त्यापेक्षा काष्ठतरंग आणा. ब्रह्मदेशात बांबूच्या पट्ट्यांचं पट्टला नावाचं वाद्य वाजवतात, त्याच्या जातीचा सूर आपल्या काष्ठतरंगातून येतो. रत्नागिरीचा पाऊस पूर्ण आवाजात लावला की संवादातले स, श, त सगळे धुऊन जातात. मुसळधार पाऊस प्रवेशाच्या आरंभी आठ-दहा सेकंद ठेवून मग त्याच्या जागी कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्यांचा तुटक आवाज आणला. पागोळ्या बोलण्याच्या मधल्या जागांत पडतात. समुद्राची गाज सबंध नाटकात वापरली नाही. राजाला समुद्र दिसतो, तो त्याच्यापर्यंत येत नाही.

पाली त्रिसरणाबद्दल विशेष जपावं. मुंबईच्या प्रेक्षागृहात ‘बुद्धं सरणं गच्छामि’ हे शब्द रोज म्हणणारी माणसं बसलेली असतात, काही जण हात जोडतात. ते शब्द पार्श्वसंगीत म्हणून संवादाखाली चालवू नयेत. ब्रह्मी उच्चार वेगळे आहेत हे खरं, तरी आम्ही इथले ओळखीचे ठेवले आणि प्रार्थना पूर्ण होईपर्यंत मंचावर दुसरं काही होऊ दिलं नाही.

प्रकाशात एकच नियम पाळला, रत्नागिरीत पश्चिम प्रेक्षकांच्या डाव्या हाताला. प्रत्येक प्रवेशात मावळतीचा उजेड तिथूनच येतो आणि दर प्रवेशाला थोडा खालून. शेवटच्या प्रवेशात तो इतका आडवा असतो की खिडकीच्या कमानीची सावली समोरच्या भिंतीवर राजाच्या डोक्यावरून जाते. या संथ मावळतीसाठी स्वस्त एलईडी पार नकोत. शेवटच्या दहा टक्क्यांत ते सरळ न विझता पायरी उतरल्यासारखे झटके देतात. एक हजार वॉटचे जुने पार चार घेतले, दोन डिमरवर, बाकी सगळं एलईडीवर भागतं.

मुंबईत प्रयोगाच्या दिवशी वेळ मिळत नाही. शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक नाटकांच्या. आपल्या वाट्याला मधला वार किंवा दोन नाटकांच्या मधलं सत्र. आधीच्या नाटकाचा सेट निघाल्यावर हातात दोन तास. क्रम चुकला की संपलं. आधी घोडा (उंच शिडी) लावून वरच्या बारचे लाइट टांगून फोकस करायचे, कारण लेव्हल बसल्यावर घोडा कुठेच उभा राहत नाही. मग लेव्हल, मग काळे पडदे, मग पिन-बिजागरीचे फ्लॅट, म्हणजे भिंतींचे रंगवलेले पट, शेवटी प्रॉपर्टी. प्रत्येक नाट्यगृहाची मंचाची रुंदी वेगळी, म्हणून सेट २८ फुटांचा बांधला. मोठ्या मंचावर दोन्ही बाजूंना काळे पडदे आत घेतले की झालं. प्रॉपर्टीच्या टेबलावर कागद चिकटवून प्रत्येक वस्तूची चौकट आखावी. या नाटकात एखादी पेटी चुकून जास्त मंचावर गेली तर संवाद एकही चुकत नाही आणि नाटक मात्र चुकतं, त्यामुळे ते कुणाला कळतही नाही.

रत्नागिरीचा प्रयोग लागला तर फ्लॅटना गोधड्या गुंडाळून दोऱ्या आवळा, महामार्गावर ते एकमेकांवर आपटून रंग उडतो. आणि मुंबईहून निघण्याआधी जांभ्याचा रंग पुन्हा मारून घ्या. मुंबईत आपण जांभा विटेसारखा लाल रंगवतो आणि ते खपून जातं. तिथे प्रत्येकाच्या कंपाउंडला खरा जांभा असतो. गेरूत काळा मिसळून स्पंजने टिपक्या द्याव्यात, खालच्या दोन फुटांत शेवाळाची काळसर हिरवी झाक. बोलीवर तिथे मुंबईसारखा हशा येत नाही, पहारेकऱ्याचं वाक्य सरळ पुढे जातं. मुंबईत त्या हशासाठी सोडलेले विराम तिथे भोकासारखे दिसतात, आणि लाइटवाला क्यू मोजून देत असेल तर तो उशिरा देतो. तिथल्यासाठी क्यूशीट वेगळं काढून ते विराम खोडून टाकावेत.